चहा सांडला? बटणाला हात नको!

कॉम्प्युटरच्या टेबलावर चहा ठेवू नये, हे आपण सगळ्यांना सांगतो आणि सगळेच तिथे चहा ठेवतात. टेबल एकच, जागा थोडी, काम संपता संपत नाही. मग कप जाणार कुठे? म्हणून मैत्रिणींनो, तो उपदेश मी करत नाही. सांडल्यावर काय करायचं, तेवढं सांगते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटांच्या कार्यालयात (कार्यालय कसलं, समाजमंदिराची एक खोली!) भरलेला ग्लास कलंडला. अर्धा चहा की-बोर्डवर, उरलेला खाली ठेवलेल्या कॅबिनेटच्या जाळीतून थेट आत. स्क्रीन काळी झाली. हिशेब लिहिणारी आमची मुलगी वीस वर्षांची, लग्न होऊन नुकतीच गावात आलेली. तिने ओढणीने भराभर पुसलं आणि बिघडला की काय हे बघायला पुन्हा बटण दाबणार, तोच मी ओरडले, "अगं, हात काढ! आधी भिंतीवरचा स्विच बंद कर."

त्या डब्यात सात गटांचा तीन वर्षांचा हिशेब होता आणि बँकेत कर्जाचे कागद द्यायला आठवडा उरला होता. पण तिचं पहिलं वाक्य काय, तर "काकू, माझ्या घरी नका ना सांगू." कॉम्प्युटरची चौकशी त्यानंतर!

मी कला शाखेची. वीज मला फारशी कळत नाही, पण ओला मिक्सर चालू करायचा नसतो एवढं कळतं. इथेही तेच. पाण्यापेक्षा ओल्या भागांतून वाहणारी वीज घातक. चहात दुधातले क्षार असतात, साखर असते. अशा ओलीतून वीज गेली की शॉर्ट होतं आणि बोर्डावरच्या बारीक तांब्याच्या रेषाही गंजून तुटतात. तेव्हा 'चालू होतो का बघू' ही घाईच बहुतेक वेळा यंत्राचा जीव घेते. स्विच बंद करून प्लग काढायचा. जमीन किंवा स्विचबोर्डच ओला असेल, तर तिकडे न जाता घराचा मेन स्विच बंद करायचा. सगळ्या वायरी सोडवायच्या. की-बोर्ड उलटा धरायचा.

दुरुस्तीवाला दादा संध्याकाळी आला. 2021 साली 22 जुलैला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हापासून आमच्या भागातल्या या मुलांचा भिजलेल्या यंत्रांवर चांगलाच हात बसलाय. त्याने बाजूचं झाकण काढलं आणि आधी हार्ड डिस्क सोडवून कोरडी बाजूला ठेवली. मग बोर्डावरचा नाण्यासारखा गोल सेल काढला. प्लग काढला तरी हा तीन व्होल्टचा सेल बोर्डाला थोडी वीज देतच राहतो, हे मला तेव्हा कळलं. चिकट जागा त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केल्या. हे अल्कोहोल लगेच उडून जातं. पॉवर सप्लायचा चौकोनी डबा मात्र आपण कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते.

"तांदळात ठेवूया का?" एका ताईंनी विचारलंच. नको! तांदळाची पूड आत जाते आणि उघड्या हवेपेक्षा जास्त ओल काही तो शोषत नाही. ॲपल कंपनीनेही 2024 मध्ये भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, असं सांगितलं. हेअर ड्रायरच्या गरम झोतानेही नुकसान होतं. साधा टेबलफॅन लावायचा आणि धीर धरायचा. कोकणातल्या ऑगस्टमध्ये रुमाल वाळत नाही, तिथे बोर्ड दोन दिवसांत कुठला वाळायला? आम्ही तीन दिवस थांबलो.

चौथ्या दिवशी त्याने एकच रॅम आणि मॉनिटर जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. मुलीचा चेहरा उतरला. दादाने रॅमची सोनेरी कड खोडरबरने हलकेच घासली आणि ती शेजारच्या खाचेत बसवली. स्क्रीन उजळली! तरी बँकेची साइट 'असुरक्षित' म्हणून उघडेना. व्हायरस वगैरे काही नव्हता. सेल काढल्यामुळे तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. ती नीट केली, काम झालं.

समजा बोर्ड जळलाच असता, तरी हिशेब हार्ड डिस्कमध्ये असतो. ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फायली बहुधा मिळतात. म्हणून कुणी 'गेला, नवा घ्या' म्हणालं, तर जुना डबा देण्याआधी हार्ड डिस्क मागून घ्या. बायकांची आधारकार्डं आणि पासबुकं त्यात असतात, ती भंगारात का जावीत?

की-बोर्ड काही वाचला नाही, चिकटला तो चिकटलाच. नवा पाचशे रुपयांत आला, खर्च गटाच्या किरकोळ खात्यात टाकला. मुलीच्या घरी कळवण्याचा प्रश्नच आला नाही. कर्जाचे कागद एक दिवस आधी बँकेत गेले. आता दर महिनाअखेरीला ती सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवते आणि तो पेनड्राइव्ह अध्यक्षताईंच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी असतो.