सुई नवी होती, शाईचं काय?

गेल्या 14 एप्रिलला घाटकोपरमधल्या एका वस्तीत रक्तदान शिबिर होतं. तपासणीच्या टेबलावर मी बसले होते. बावीसेक वर्षांचा एक मुलगा आला. वजन ठीक, हिमोग्लोबिन उत्तम. बाही वर केली तर दंडावर बाबासाहेबांचा चेहरा. कधी काढलास? "सहा डिसेंबरला, ताई." म्हणजे चार महिने. टॅटू काढल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, हे सांगितल्यावर त्याचा चेहराच पडला. बाबासाहेबांच्या जयंतीला बाबासाहेबांमुळेच परत पाठवताय, असं काहीतरी तो पुटपुटला. मलाही वाईट वाटलं. पण कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीची लागण नवी असेल तर काही काळ ती तपासणीतही दिसत नाही. म्हणून हा नियम.

माझी नजर मात्र दुसरीकडेच होती. चित्रातल्या गालावर आणि कपाळावर बारीक लालसर पुटकुळ्या होत्या. काळ्या रेघा स्वच्छ, पुरळ फक्त राखाडी छटेत. दोन महिने तो मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब चोळत होता. "सुई नवीच होती, मी पाकीट फोडताना बघितलं," हे त्याने दोनदा सांगितलं.

आपली पोरं आता सुई बघतात, ही चांगली गोष्ट आहे. पण शाई कोणी बघत नाही. 'जय भीम' अक्षरांना काळी शाई पुरते. चेहरा काढायचा तर राखाडी छटा लागते, आणि ती काळ्या शाईत पाणी घालून करतात. गर्दीच्या स्टॉलवर हे पाणी बहुतेक वेळा नळाचं किंवा प्यायच्या बाटलीतलं. प्यायला ते चांगलं असेल, पण कातडीखाली टोचायला नाही. अमेरिकेत रॉचेस्टर शहरात 2011-12 मध्ये एकाच टॅटूवाल्याकडच्या 19 जणांना असंच पुरळ आलं होतं. तिथेही राखाडी शाईच होती, कारखान्यातच पाणी घालून सीलबंद आलेली. जंतू निघाला क्षयरोगाच्या जंतूच्या गोतातला, पाण्यात राहणारा. पाच दिवसांच्या साध्या गोळ्यांनी तो मरत नाही. कातडीचा तुकडा तपासावा लागतो आणि औषध काही महिने चालतं. स्टिरॉइडच्या मलमाने वरची लाली दबते आणि आत तो वाढतो.

दुसरी गोष्ट शाईच्या टोपणाची. एकाला टोचलेली सुई पुन्हा त्याच टोपणात बुडते. उरलेली शाई पुढच्याला वापरली, तर नव्या सुईचा उपयोग काय? कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो.

शाईत काय असतं, हे बाटलीवर धड लिहिलेलं नसतं. युरोपने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली. कर्नाटक सरकारला 2025 मध्ये शाईच्या नमुन्यांत जड धातू सापडले, तेव्हा त्यांनी केंद्राकडे नियमांची मागणी केली. कॅन्सर होतो का, असं आया विचारतात. तसं सिद्ध झालेलं नाही, अभ्यास चालू आहेत. शाईचे कण काखेतल्या गाठींपर्यंत जातात, हे मात्र नक्की. लाल रंगाची ॲलर्जी जास्त दिसते. आणि ज्यांच्या जखमेवर जाड वण उठतो, त्यांनी छाती-खांद्यावर काढूच नये.

आजीच्या हातावरचं गोंदण आठवून कोणी म्हणेल, तिला कुठे काय झालं? झालंही असेल. कावीळ कशाने झाली, हे तेव्हा कोण तपासत होतं?

काढायचंच असेल तर आधी कावीळ ब ची लस घ्या. तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात. नवं टोपण, नवी शाई आपल्यासमोर ओतायला लावा. छटेसाठी इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी मेडिकलमध्ये मिळतं, ते स्वतः घेऊन जा. टॅटूवाला चिडला तर उठून या. आधीच काढलं असेल आणि सुई-शाईची खात्री नसेल, तर पालिकेच्या रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, माहितीसाठी 1097 वर फोन करा. काविळीचीही तपासणी मागून घ्या. कावीळ क आता गोळ्यांनी बरी होते आणि सरकारी कार्यक्रमात त्या फुकट आहेत. पुरळ आलं तर ट्यूब नको, थेट त्वचारोग विभाग गाठा.

त्या मुलाने रक्त दिलं नाही, पण घरीही गेला नाही. दुपारपर्यंत माझ्याशेजारी बसून नावं लिहून घेत होता, आणि माझ्याआधी तोच प्रत्येकाला बाही वर करायला सांगत होता.