ठोका कुठे पडणार, ते आधी सांगा

कुकरची शिटी माझ्या भाच्याला सोसत नाही. तरीही कुकर गॅसवर असला की तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा असतो. शिटीआधी कुकर फुसफुसू लागतो, तेवढ्यात तो कानांवर हात ठेवून तयार होतो. शिटी झाली की हात खाली. पण ओट्यावरून एखादा चमचा फरशीवर पडला, तर तो खोलीचं दार लावून घेतो आणि अर्धा तास बाहेर येत नाही. चमचा काही कुकरपेक्षा मोठ्याने वाजत नाही. तो न सांगता वाजतो. हा फरक मला एका गाण्यामुळे कळला.

मी कोथरूडला घरीच गिटार शिकवते. बारा वर्षांच्या या मुलाला गिटार फार आवडते. माझा वर्ग चालू असताना तो खिडकीशी बसून ऐकत असतो. एका रविवारी मी त्याला हेडफोन लावून सायमन आणि गारफंकल यांचं ‘द बॉक्सर’ ऐकवलं. लोकगीताचा साधेपणा आणि रॉकचा जोर एकत्र आणणाऱ्या अमेरिकन फोक-रॉकमधलं हे 1969 सालचं गाणं. सुरुवातीला बोटांनी हलकेच छेडलेल्या तारा आणि जवळ बसून गोष्ट सांगावी तसे दोन गळे. घर सोडून न्यूयॉर्कला आलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. आवाज फारच हळू वाटला, म्हणून मी तो वाढवला. पुढे ध्रुवपद आलं. शब्द थांबून नुसती अक्षरं सुरू झाली आणि धाडकन ठोका पडला. भाच्याने हेडफोन ओरबाडून काढला. “मावशी, तू सांगितलं का नाहीस?” एवढंच तो रडत रडत म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

तो ठोका मुद्दाम तसा घडवलेला आहे. ध्वनिमुद्रक रॉय हॅली आणि ड्रमवादक हॅल ब्लेन यांनी स्टुडिओची खोली सोडून न्यूयॉर्कमधल्या इमारतीचा लिफ्टजवळचा पॅसेज निवडला. ब्लेन हेडफोनवर गाणं ऐकत थांबायचा आणि ध्रुवपद आलं की स्नेअर ड्रमवर पूर्ण ताकदीने काठ्या हाणायचा. लिफ्टच्या उंच पोकळीत तो आवाज तोफेसारखा घुमला. गाण्यातला मुष्टियोद्धा मार खाऊनही उभा राहतो. त्याला बसणारा मार ऐकणाऱ्यालाही जाणवतो, तो या ठोक्यामुळेच.

मग असा ठोका काहींना इतका का लागतो? आपल्या मधल्या कानात एक इवलासा स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. पण आखडायला त्याला सेकंदाचा काही अंश लागतो. हळूहळू चढणाऱ्या सुरांपुढे तो वेळेवर पोचतो. अचानक पडलेला ठोका त्याच्याआधी आत शिरतो. बहुतेकांचं यात दचकण्यावर भागतं. ज्यांचे कान हळवे असतात, त्यांना ते सोसणं जड जातं.

हळवेपणाचेही प्रकार आहेत. हायपरअक्युसिस असलेल्यांना रोजचे साधे आवाजही असह्य मोठे वाटतात, काहींचे तर कान दुखतात. त्यांच्यासाठी ‘द बॉक्सर’मधला धोका म्हणजे हे ठोके. मिसोफोनियात आवाज लहान की मोठा, याला महत्त्व नसतं. ठरावीक आवाजांनीच, म्हणजे चघळणं, श्वास, खरखर यांनी, जीव नकोसा होतो. अशा माणसाला याच गाण्यातली तारेवरून सरकणाऱ्या बोटांची किरकिर किंवा खर्जातल्या माउथ ऑर्गनची घरघर छळू शकते, आणि ठोका मात्र चालून जातो. अर्धशिशी उठली की अनेकांना आवाज नकोसे होतात. त्यांना शेवटचा भाग जड जाईल. तिथे ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, त्यावर तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यं चढत जातात आणि मग सगळं ओसरतं.

म्हणून “हे गाणं चालेल का?” असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, “कुणाला?”

आता कुठलंही नवं गाणं मी आधी स्वतः अखेरपर्यंत ऐकते. आवाज गाण्याच्या सुरुवातीवरून ठरवत नाही, त्यातल्या सगळ्यात मोठ्या जागेवरून ठरवते. दोन गाण्यांचे आवाज सारखे करण्याची सोय मोबाइलमध्ये असते, पण एकाच गाण्यातला चढउतार तिने सपाट होत नाही. हेडफोनऐवजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला लहान स्पीकर ठेवते. मैफलीतलं ध्वनिमुद्रण टाळते, कारण टाळ्या कधी उसळतील याचा नेम नसतो. आणि थांबवायचं बटण ऐकणाऱ्याच्याच हातात देते. एक मात्र सांगते: कान सतत बोळे घालून बंद ठेवले, तर हळवेपणा वाढू शकतो. रोजचे आवाज दुखू लागले, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावं.

गणपतीआधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो, तेव्हा आमच्याकडे खिडक्या लावलेल्या असतात. अशाच एका संध्याकाळी भाचा आपणहून म्हणाला, “ते बॉक्सरचं लाव. पण ठोका कुठे आहे ते दाखव.” मी गिटारवर ध्रुवपद सावकाश वाजवलं आणि ठोक्याच्या जागी टेबलावर बोट टेकवलं. तो जागा मोजत गेला. मग स्पीकरवर गाणं लावलं. पहिल्या ठोक्याला त्याचे हात कानांवर होते, तिसऱ्याला गालांवर. शेवटच्या ध्रुवपदात तो माझ्याबरोबर टेबलावर बोट टेकवत होता.

गाणं संपल्यावर मी त्याला ब्लेनने सांगितलेली एक आठवण सांगितली. ते ध्वनिमुद्रण चालू असताना लिफ्टचं दार उघडलं, एक म्हातारा पहारेकरी बाहेर आला आणि नेमक्या त्याच क्षणी ड्रमवर काठ्या पडल्या. बिचारा भयंकर दचकला.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, त्या आजोबांनाही कुणी आधी सांगितलं नव्हतं.”