आभाळातले चेकनाके

विमान भाड्यानं मिळणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. खिशात तेवढे पैसे असले की दलाल फोनवर आकडा सांगतो आणि मुंबईहून लंडनला नेणारं अख्खं विमान तुमच्यासाठी ठरतं. जेवायला काय हवं, कुत्रा बरोबर येणार का, हेही अगत्यानं विचारतात. पण विमान मिळालं म्हणजे आकाश मिळालं का? ते कोणी भाड्यानं देत नाही. ते दर वेळी तुकड्यातुकड्यानं मागून आणावं लागतं, आणि या मागण्यामागची जी यंत्रणा जगानं उभी केली आहे, ती मला तरी त्या चकचकीत विमानाहून जास्त थक्क करते.

तसं विमानही काही कमी नाही. गल्फस्ट्रीम जी-६५० घ्या. पूर्ण भरलं की वजन सुमारे ४५ टन, आणि त्यातले २० टन नुसतं इंधन! एका दमात ते जवळजवळ १३,००० किलोमीटर जाऊ शकतं. मुंबई ते लंडन अंतर ७,२०० च्या आसपास. म्हणजे लंडनला न उतरता तसंच मागे वळलं, तरी परतीची बरीचशी वाट ते कापेल. मात्र एखाद्या उद्योगपतीचं असं खासगी विमान महिनाभर हँगरमध्ये नुसतं उभं असलं, तरी पैसे घेऊन तो ते तुम्हाला देऊ शकत नाही. त्यासाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा, वेगळा परवाना लागतो. धंद्यातली माणसं त्याला एनएसओपी म्हणतात.

आता खरी गंमत. डिसेंबर १९४४. महायुद्ध अजून संपलेलं नाही, आणि शिकागोत ५२ देशांचे प्रतिनिधी नागरी विमानवाहतुकीच्या करारावर सह्या करताहेत. पहिलंच कलम सांगतं की आपल्या जमिनीवरच्या आकाशावर त्या-त्या देशाची पूर्ण सत्ता. सहावं कलम म्हणतं, वेळापत्रकानं धावणाऱ्या विमानांना खास परवानगी हवीच. आणि पाचवं? वेळापत्रक नसलेल्या विमानांना दुसऱ्या देशावरून आधी न विचारता जाण्याचा हक्क ते चक्क बहाल करतं! कागदावर मोकळीक मिळाली ती चार्टरवाल्यांना, म्हणजे अशा भाड्यानं ठरवलेल्या विमानांना.

प्रत्यक्षात झालं नेमकं उलटं. आपली एसटी आणि लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी डोळ्यांसमोर आणा. एसटीचा मार्ग ठरलेला असतो, शेजारच्या राज्याशी करारमदार कधीच झालेले असतात. ती नाक्यावरून सरळ निघून जाते. वऱ्हाडाच्या गाडीला मात्र हद्द ओलांडायची तर तात्पुरता परवाना काढावा लागतो. मोठ्या विमानकंपन्यांसाठी सरकारांनी आपसात करार करून वाटा पक्क्या केल्या. चार्टर विमान कधी, कुठून, कोणाला घेऊन येईल याचा नेम नसतो, म्हणून पाचव्या कलमातल्या अटींचा आधार घेत अनेक देशांनी ‘आधी विचारा’ असा नियम करून टाकला.

मुंबईहून निघालेल्या विमानाला वाटेत ओमान, सौदी अरेबिया, इराक लागणार असतील, तर प्रत्येकाकडे वेगळा अर्ज. गंमत म्हणजे पुढे युरोपात बहुतेक देशांवरून नुसतं पार व्हायचं असेल, तर उड्डाणाचा आराखडा धाडला की काम भागतं. तिथं पाचवं कलम अजून जिवंत आहे. पण ब्रिटनमध्ये पैसे घेऊन आणलेली माणसं उतरवायची म्हटल्यावर पुन्हा वेगळी परवानगी. त्यात सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि युरोपात शनिवार-रविवारची. गुरुवारी संध्याकाळी कोणाला लंडनची लहर आली, की परवानग्या काढणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

शेपटीजवळची अक्षरंही वाट बदलू शकतात. भारतात नोंदलेल्या विमानावर ‘व्हीटी’ असतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतात नोंदलेल्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. काही दिवसांत भारतानंही तसंच उत्तर दिलं. प्रवासी तेच, दिल्ली तीच, लंडनही तेच. पण ‘व्हीटी’ असेल तर दक्षिणेकडून वळसा, आणि परदेशी अक्षरं असतील तर जवळची वाट खुली!

या परवानग्यांमागे इतका संशय कशासाठी? १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका लॅटव्हियन अँटोनोव्ह-२६ विमानानं वाराणसीला इंधन भरलं आणि कोलकात्याच्या वाटेवर पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात पॅराशूटनं शस्त्रास्त्रं टाकली. मग कोलकात्याला उतरून ते निर्धास्तपणे थायलंडला गेलं. कोणाला पत्ताच नाही. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारतावरून निघालं, तेव्हा हवाई दलानं त्याला मुंबईत उतरायला भाग पाडलं. ही गोष्ट माहीत असली की अर्जातले कंटाळवाणे रकाने फारसे कंटाळवाणे वाटत नाहीत. आपल्याकडे उड्डाणाआधी हवाई दलाकडून ‘एडीसी’, म्हणजे हवाई संरक्षण परवानगीचा, क्रमांक घ्यावा लागतो. वर दिसणारा ठिपका कोणाचा, हे खाली कोणाला तरी आधीच ठाऊक असायला हवं.

बरं, लंडनला उतरायचं कुठं? हीथ्रोवर जागा मिळणं महामुश्कील. म्हणून चार्टर विमानं आजूबाजूला पांगतात, आणि ती ठिकाणं पाहिली की इतिहासाचं पुस्तक उघडल्यासारखं होतं. फार्नबरो: इथंच १९०८ मध्ये सॅम्युअल कोडीनं ब्रिटनमधलं पहिलं इंजिनाचं विमान उडवून दाखवलं. बिगिन हिल: १९४० मध्ये जर्मन बाँबफेकी विमानांच्या मागे लागणाऱ्या लढाऊ विमानांचा तळ. नॉर्थोल्ट तर आजही ब्रिटिश हवाई दलाचंच आहे, तरी खासगी विमानांना उतरू देतं.

मग येतं बिल, आणि त्यात चक्क वर्गमूळ असतं! युरोपच्या आकाशातून गेल्याची वसुली युरोकंट्रोल ही संस्था करते. हिशेब असा: किलोमीटरमधल्या अंतराला १०० नं भागा, विमानाच्या कमाल वजनाला, टनांत, ५० नं भागून त्याचं वर्गमूळ घ्या, दोन्हींचा गुणाकार करून त्याला त्या देशाच्या दरानं गुणा. आपल्या ४५ टनी विमानाचा वजनाचा आकडा येतो साधारण ०.९५. साडेतीनशे टनांच्या बोईंग ७७७-३००ईआरचा येतो २.६५. वजन जवळजवळ आठपट, पण भाडं तिपटीहूनही कमी. अन्याय? मला तरी हा मोठा समजूतदार हिशेब वाटतो. विमान छोटं असो वा अजस्र, पडद्यावर ठिपका एकच आणि नियंत्रकाचे कष्टही जवळपास तेवढेच. सगळ्यांना सरसकट एकच दर लावला तर छोटे चिरडतील, वजनाप्रमाणे सरळ लावला तर मोठे ओरडतील. वर्गमूळ या दोन टोकांच्या मधे उभं राहतं.

तुम्हाला सोडून विमान लंडनला थांबणार नसेल, तर परतीचा रिकामा फेराही तुमच्याच बिलात धरलेला असतो. मग ते येताना वाटेत कोणाला घेत का नाही? लंडनहून एडिनबराला निघालेला प्रवासी समोर पैसे घेऊन उभा राहिला, तरी ‘व्हीटी’ अक्षरांचं विमान त्याला सहजासहजी घेऊ शकत नाही. देशातल्या देशात भाडं मारण्याचा धंदा परक्या विमानांना नाकारण्याची मुभा शिकागो कराराच्या सातव्या कलमानं प्रत्येक देशाला दिली आहे. लंडनहून थेट मुंबईला येणारा कोणी भेटला तर मात्र दलाल खूश होतो आणि बराच कमी आकडा सांगतो. अट एवढीच, की निघायची तारीख, वेळ आणि दिशा विमानाच्या सोयीची. आणि आधीच्या गिऱ्हाइकानं आपला बेत बदलला, तर तो स्वस्त फेराही त्याच्याबरोबर रद्द.