नाक्यावर रोगी कसा ओळखावा?

आजकाल मुलांच्या हाती एका जातीचे खेळ फार दिसतात. पडद्यावर एक नाका असतो, नाक्यावर खेळणारा पहारेकरी असतो आणि त्याच्यापुढे माणसांची रांग उभी असते. रांगेतल्या काहींना रोग जडलेला असतो; पण ते तो लपवितात. कोणी अंगरख्याची बाही खाली ओढून घेतो, कोणी डोळ्यांवर काळा चष्मा चढवितो, तर कोणी दुसऱ्याचेच कागद पुढे करतो. पहारेकऱ्याने त्यांना ओळखावे, निरोगी माणसाला मात्र आत सोडावे. 2013 साली निघालेल्या ‘पेपर्स, प्लीज’ या प्रसिद्ध खेळात तर पुढेपुढे परक्या प्रवाशाजवळ पोलिओची लस टोचल्याचा दाखलाही पाहावा लागतो.

खेळ म्हणून यात गैर काही नाही. नजर तीक्ष्ण होते, कागद बारकाईने वाचण्याची सवय लागते. पण खेळ रचणाराने एक सवलत देऊन ठेवलेली असते. रोग्याच्या अंगावर खूण असतेच, आणि पहारेकरी चुकला की त्याला ते ताबडतोब कळते. खऱ्या नाक्यावर या दोन्ही गोष्टी नसतात. आपल्या मुंबईने असे नाके पाहिले आहेत, म्हणून तिचीच उदाहरणे आम्ही घेतो.

1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोग ओळखला. लोक घाबरून शहराबाहेर पळू लागले. तेव्हा आगगाडीने जाणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. घाटावर जाणाऱ्यांसाठी कल्याण हे त्यातले मोठे ठाणे होते. 1897 च्या साथरोग कायद्याने या तपासणीला सरकारी जोर मिळाला. डॉक्टरांच्या हाती तेव्हा होते तरी काय? जंतूचा शोध येर्सां याने 1894 साली हाँगकाँगमध्ये लावला होता. परंतु फलाटावर उभ्या असलेल्या शेकडो उतारूंचे रक्त कोण तपासणार? म्हणून भिस्त होती ती डोळ्यांवर आणि बोटांवर.

ही लक्षणे मोठी बोलकी असत. प्लेगचा रोगी एकाएकी फणफणतो. डोळे लालबुंद होतात, जिभेवर पांढरा थर चढतो. चाल डळमळीत होते, बोलणे अडखळते. दारू प्यालेल्या माणसासारखा तो दिसतो. जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ येते आणि तिला बोट लागले तरी तो कळवळतो. जांघेत गाठ असलेला माणूस पाय सरळ टाकीत नाही. म्हणजे कपड्याआड गाठ झाकता येईल, पण चाल झाकता येत नाही. जाणता डॉक्टर आधी चाल पाही, मग डोळे, आणि मग नाडीला हात घाली. खेळातल्या पहारेकऱ्याला हा क्रम शिकण्यासारखा आहे.

असे असूनही प्लेग घाट चढून गेलाच. कारण सरळ आहे. जंतू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते सहा दिवस जातात. त्या दिवसांत माणूस ताठ चालतो, हसतो, डबा खातो. त्याने काहीही लपविलेले नसते, कारण त्याचे त्यालाच ठाऊक नसते. वेष न पालटलेला हा रोगी पहारेकऱ्याला कसा सापडावा? दुसरे कारण त्याहून विलक्षण. पॉल-लुई सिमाँ याने 1898 साली कराचीत दाखविले की प्लेग उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो. हे मत लगेच कोणी मानले नाही. पुढे मुंबईतच ग्लेन लिस्टन व इतरांच्या प्रयोगांनी ते पक्के झाले. म्हणजे माणसांच्या काखा चाचपल्या जात असताना धान्याच्या पोत्यांतून उंदीर आणि पिसवा बिनबोभाट प्रवास करीत होत्या.

आता लपविणाऱ्यांकडे वळू. रोगी सापडला की त्याला इस्पितळात नेत, घरच्यांना छावणीत ठेवीत, घर धुऊन काढीत, सामान प्रसंगी जाळून टाकीत. इस्पितळात गेलेला परत येत नाही असा लोकांचा समज झाला होता, आणि मृत्यूंचे प्रमाण पाहता तो अगदीच निराधार नव्हता. बायकांच्या अंगाला परपुरुषाने हात लावावा ही तर असह्य गोष्ट. 1896 च्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. 1898 च्या मार्चमध्ये एका आजारी मुलीच्या तपासणीवरून जुलाह्यांच्या वस्तीत दंगा पेटला. रोगी लपविणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो, पण त्याला तसे करायला नाक्यानेच शिकविले होते. पुढे निरनिराळ्या जातींना आपापली प्लेग-इस्पितळे काढू दिली, तेव्हा हा विरोध पुष्कळ निवळला.

सव्वाशे वर्षांनी नाका कल्याणहून अंधेरीला आला. 2020 च्या जानेवारीपासून सहारच्या विमानतळावर चीनहून येणाऱ्यांचा ताप यंत्राने पाहू लागले. हे यंत्र पाहते ते कातडीची उष्णता, अंगातली नव्हे. तापाची गोळी घेतलेला माणूस त्यातून सहज निसटतो. कोविडचा जंतू अंगात शिरल्यावर लक्षणे दिसायला दोन ते चौदा दिवस लागतात, बहुधा पाचएक. आणि लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ लागतो. 2003 च्या सार्स रोगात असे नव्हते. तो रोगी मुख्यतः आजारी पडल्यावरच रोग पसरवी, म्हणून ताप आलेल्यांना वेगळे काढण्याचा तेथे उपयोग झाला. कोविडच्या वेळी, 1 मार्चला दुबईहून परतलेल्या पुण्याच्या दांपत्याला रोग असल्याचे 9 मार्चला कळले. मधल्या आठ दिवसांत विमानतळ केव्हाच मागे पडला होता.

येथे थोडा हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. दहा हजार उतारू आले, त्यांपैकी वीस बाधित. दहांना अजून लक्षणच नाही. उरलेल्या दहांपैकी चौघांनी गोळी घेतली. सापडले सहा. आता निरोगी उतारूंत शंभरात एकाचे अंग दुसऱ्याच कारणाने तापलेले असेल, तर असे शंभरजण अडतील. म्हणजे अडविलेल्या एकशेसहा जणांत खरे बाधित सहाच, आणि चौदा बाधित घरी पोचलेही! यंत्राची धार वाढविली तर आणखी निरोगी अडतात. कमी केली तर बाधित सुटतात. या पेचातून पहारेकऱ्याला हुशारीने सुटता येत नाही.

म्हणून सरकारने उलटी युक्ती काढली. 2020 च्या मार्चमध्ये, ज्यांनी घरीच वेगळे राहावयाचे त्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्का मारू लागले. रोगाने खूण दिली नाही तर आपण द्यावी, असा तो विचार. थोड्याच दिवसांत गरीबरथ गाडीत असे शिक्केवाले चार प्रवासी सहप्रवाशांच्या नजरेस आले आणि त्यांना पालघरला उतरविण्यात आले. शाईने काम केले खरे. पण ते चौघे गाडीत बसल्यानंतर!

आणि मग लोकलचा नाका. 2020 च्या जूनमध्ये लोकल सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी येथील ज्या माणसाची नोकरी दुकानात किंवा कारखान्यात होती त्याला बसने जाताना दोनदोन तास लागत. पगार कापला जाई तो निराळाच. अशांपैकी कित्येकांनी इस्पितळाची वा पालिकेची खोटी ओळखपत्रे करून घेतली, आणि तपासनिसांनी पकडल्यावर दंड भरला. येथे वेष पालटला होता तो निरोग्यांनी, तोही इस्पितळातल्या माणसाचा! पुढे 15 ऑगस्ट 2021 पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागला. स्टेशनांवरच्या मेजांशी पालिकेची माणसे दाखला आणि ओळखपत्र ताडून शिक्का देऊ लागली. हा दाखला रोग नाही असे सांगत नव्हता. रोग झालाच तर तो बहुधा जिवावर बेतणार नाही, एवढेच सांगत होता. तपासनिसाने उतारूच्या डोळ्यांकडे, चालीकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. तो कागद पाही, तारखेवर बोट ठेवून चौदा दिवस मोजी आणि पुढच्याला हाक मारी.