विदर्भाच्या हवेला मानवणारे कृत्रिम स्वेड

कृत्रिम स्वेड म्हणजे पॉलिएस्टरच्या अतिसूक्ष्म तंतूंपासून बनवलेले लवदार कापड. सोफा, खुर्च्या आणि दिवाण मढवण्यासाठी ते वापरतात. खरे स्वेड कातड्याची आतली बाजू घासून, तिच्यावर लव उठवून तयार होते. कृत्रिम प्रकारात तोच मऊ स्पर्श तंतूंच्या बारीकपणामुळे येतो. ९,००० मीटर धाग्याचे वजन १ ग्रॅम भरले, तर तो १ डेनियरचा धागा. स्वेडमधले तंतू त्याहूनही बारीक असतात.

हे तंत्र १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी विकसित केले. एका पॉलिमरच्या धाग्यात दुसऱ्या पॉलिमरचे अनेक तंतू ठेवायचे आणि बाहेरचा पॉलिमर विरघळवून टाकायचा, ही त्यातली युक्ती. हे तंतू सुयांनी एकमेकांत गुंतवलेले आणि पॉलियुरेथेनने बांधलेले असतात. ‘अल्ट्रास्वेड’ आणि इटलीतील ‘अल्कांतारा’ ही कापडे याच घराण्यातली. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे स्वस्त स्वेड बहुधा निव्वळ पॉलिएस्टरचे असते. विणलेल्या कापडाचा पृष्ठभाग घासून त्यावर लव काढलेली असते. त्याचा कच्चा माल नागपूर जिल्ह्याला परका नाही. बुटीबोरीत इंडोरामा कंपनीचा पॉलिएस्टर धाग्यांचा मोठा कारखाना आहे.

या कापडाचे गुण याच जिल्ह्यातल्या कळमेश्वरसारख्या गावात विशेष उपयोगी पडतात. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. त्या उन्हाळ्यात रेक्झिन घामाने अंगाला चिकटते, कारण त्याच्या प्लॅस्टिकच्या थरातून हवा जात नाही. स्वेडच्या तंतूंमधून हवा खेळते आणि लवेमुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही. कोरड्या हवेत निगा न राखलेले खरे चामडे कडक होऊन तडकते. पॉलिएस्टरला तेल-पॉलिशची गरजच नसते.

पुढे पावसाळा येतो आणि उन्हाळाभर चाललेल्या कूलरचा दमटपणाही घरात असतोच. सुती कापड हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के शोषते, पॉलिएस्टर मात्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही, ओला भाग लवकर वाळतो आणि कापड आटत नाही. प्राण्यांचे कातडे घरात नको असलेल्या कुटुंबांनाही हा पर्याय सोयीचा आहे. बल्लारपूरच्या सागवानाची चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कापड मात्र अधूनमधून बदलावे लागते. अशा वेळी चामड्याच्या तुलनेत कमी किमतीचे स्वेड परवडते.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पॉलिएस्टर उष्णतेने वितळते. उदबत्तीचा निखारा पडला तर भोक पडते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत कापडात स्थिर वीज साठते, ती धूळ आणि केस ओढून घेते. लवेत अडकलेली माती आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनरने किंवा मऊ ब्रशने काढावी. पाणी सांडल्यास ते न चोळता स्वच्छ पांढऱ्या कापडाने टिपून घ्यावे. सावजी रश्श्याचे तेल कोमट पाण्यात सौम्य साबण घालून निघते, पण हळदीचा डाग फिक्या रंगावर राहू शकतो. म्हणून जेवणाच्या जागेजवळच्या सोफ्याला गडद रंग बरा. खिडकीतून येणारे थेट ऊन वर्षानुवर्षे पडले तर रंग उतरतो. पडदा लावणे हिताचे.

खरेदी करताना कापड दोन्ही हातांनी ताणून पाहावे. लव विरळ होऊन खालचे विणकाम दिसू लागले, तर ते लवकर झिजेल. पाठीला चिकटवलेले अस्तर सुटत तर नाही ना, तेही तपासावे. घर्षणाला किती टिकते हे मोजणाऱ्या मार्टिनडेल चाचणीचा आकडा दुकानदाराकडे असल्यास विचारावा. आकडा जितका मोठा, तितके कापड टिकाऊ. शेवटची काळजी कारागिराने घ्यायची असते. सोफ्याचे सगळे तुकडे लव एकाच दिशेने राहील असे कापले पाहिजेत. तसे झाले नाही, तर एकाच ताग्यातले कापड असूनही बैठक आणि पाठ वेगळ्या रंगांची दिसतात.