नवरीची आई, नवऱ्याची बहीण

सकाळी साडेसहा. सांगलीची बस लॉजसमोर उभी असते. माझं काम गाईडचं, मराठी मंडळींपुरतं. चामुंडीचं दर्शन उरकून खाली येईतो नऊ होतात. नारळ, रांग आणि फोटो, बाकी विशेष काही नाही.

दहा. म्हैसूरचा राजवाडा. तिकिटं, मग चपला. "दादा, पायताणं जाणार नाहीत न्हवं?" हा प्रश्न चुकत नाही.

साडेदहा. कल्याणमंडप. मोरांच्या रंगीत काचांचं छत ग्लासगोहून आलंय म्हटलं की माना वर जातात. माझं खरं काम इथं सुरू होतं. आधीचा वाडा लाकडी होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णीच्या लग्नातच तो पेटला. नवरदेव कोण? कांतराज अर्स, तिचे मामा.

लगेच कुजबुज. मामाची पोर करणारी आपली माणसं, पण खुद्द मामा म्हणजे फारच झालं! इकडची जुनी चाल आहे, आणि हे मामा पुढे १९१९ ते १९२२ दिवाण होते, असं सांगून बघतो. परवा एका आजींनी बोटांवर मोजत हिशेब केला: "म्हंजे आईच पोरीची नणंद झाली की!"

मग त्या आईची गोष्ट सांगावीच लागते. महाराणी केंपनंजम्मण्णी. पती चामराजेंद्र डिसेंबर १८९४ मध्ये कलकत्त्यात घटसर्पानं गेले. थोरला मुलगा कृष्णराज दहा वर्षांचा, शिवाय धाकटा मुलगा आणि तीन मुली. १८९५ ते १९०२ राज्याचा कारभार हिच्या नावे चालला. जळलेल्या वाड्याच्या जागी वास्तुकार हेन्री आयर्विनकडून हा नवा वाडा हिच्याच काळात सुरू झाला. पुरा झाला १९१२ ला. कुणीतरी राजघराण्याला लागला म्हणतात त्या तलकाडच्या शापाचं विचारतंच. तो दोन वाक्यांत उरकतो. मला या बाईचं कौतुक जास्त.

एक. जेवण. "भाकरी मिळंल का?" नाही मिळत.

तीन. महाराणीच्या मुलींची घरं बसमधूनच दाखवतो. थोरलीचा जयलक्ष्मी विलास विद्यापीठाच्या आवारात, चेलुवम्मण्णीच्या वाड्यात अन्नतंत्रज्ञान संस्था. कृष्णजम्मण्णी क्षयानं गेली. तिच्या नावानं भावानं क्षयरुग्णालय उभारलं. इथं बस जरा शांत होते.

पाच. थोरल्या मुलाला सून काठियावाडची आणली, १९०० साली, हे ऐकून बायका विचारतात, सासू-सुनेचं जमलं का? ते कुठल्या दप्तरात असणार? तेवढ्यात मागून आवाज येतो, "दादा, सिल्कचं सरकारी दुकान किती वाजता बंद होतं?"