वळूची परीक्षा लेकींच्या गोठ्यात

श्रोतेहो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. वळूच्या बाबतीत ही म्हण चालत नाही. वळू कितीही देखणा असो, तो स्वतः दूध देत नाही. त्याच्यामुळे पुढच्या पिढीत दूध वाढेल की घटेल, हे त्याच्या लेकी व्यायल्यानंतरच कळतं. आज गाय भरवली, तर साधारण नऊ महिन्यांनी वासरू होणार. ती कालवड असली, तर तिचं पहिलं वेत यायला आणखी अडीच-तीन वर्षं. म्हणजे आज निवडलेल्या वळूचं फळ तीन-चार वर्षांनी बादलीत पडतं. ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत, त्याला ही निवड चुकलेली परवडत नाही.

मग वळूची पारख कशी करायची? शितावरून भाताची परीक्षा होते. एका लेकीवरून वळूची होत नाही. एखादीला हिरवा चारा आणि पेंड भरपूर मिळते, दुसरी उन्हाळाभर कडब्यावर असते. पहिलीने जास्त दूध दिलं, तर श्रेय बापाचं की चाऱ्याचं? म्हणून एकाच वळूच्या पुष्कळ लेकी निरनिराळ्या गोठ्यांत वाढाव्या लागतात. त्यांच्या दुधाची नोंद ठेवून त्याच गोठ्यातल्या, त्याच हंगामातल्या इतर गाईंशी तुलना करावी लागते. असं केलं की चारा, हवा, मालकाची निगा हे सारं वजा होतं आणि रक्तातला गुण उरतो.

आता वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये सात समुद्र ओलांडतात. एकाच वळूच्या लेकी अमेरिकेत असतात, हॉलंडमध्ये असतात आणि न्यूझीलंडच्या कुरणातही चरत असतात. प्रत्येक देशाची मोजणी मात्र वेगळी. मी बी.ए. झालो तेव्हापासून पाहतोय, एका विद्यापीठाचे साठ टक्के आणि दुसऱ्याचे साठ टक्के एकाच तागडीत घालता येत नाहीत. वळूंच्या गुणांचंही तसंच. हा पेच सोडवण्यासाठी १९८३मध्ये ‘इंटरबुल’ ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिचं केंद्र स्वीडनमधल्या उप्साला इथल्या कृषी विद्यापीठात आहे. १९९४मध्ये कॅनडाचे शास्त्रज्ञ लॅरी शेफर यांनी यासाठी एक गणिती रीत मांडली आणि पुढे तीच रूढ झाली.

या रीतीत सगळ्या जगासाठी वळूंची एकच गुणवत्ता यादी लागत नाही. प्रत्येक देशाला त्याच्या स्वतःच्या मापात वेगळी यादी मिळते. कारण गोठ्यात बांधून धान्य खाऊ घालणाऱ्या देशात जो वळू पहिला येतो, तो कुरणावर गाई चारणाऱ्या देशात पहिला येईलच असं नाही. मुशायऱ्यात दाद घेणारा शेर दुसऱ्या गावच्या मैफलीत थंड पडावा, तसंच हे. शेर तोच, ऐकणारे वेगळे.

इंटरबुलच्या या मोजणीत होल्स्टीन, जर्सी, ब्राऊन स्विस, गर्न्सी, सिमेंटल आणि तांबड्या दुधाळ गाई असे सहा जातिगट आहेत. आपली गीर त्यात नाही, साहिवाल नाही, आणि खेड्यापाड्यातली संकरित गायही नाही. परदेशी वळूचा आकडा खोटा नसतो. पण तो तिथल्या हवेतल्या, तिथल्या चाऱ्यावरच्या लेकींचा असतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोठ्याबद्दल, गोचिडांबद्दल तो काही बोलत नाही. ते उत्तर आपल्याच गोठ्यातून काढावं लागतं.

हे काम आमच्या वाघोलीपासून फार लांब चाललेलं नाही. थेऊरमार्गे गेलं की उरुळी कांचन लागतं. मणिभाई देसाई १९४६मध्ये गांधीजींबरोबर तिथे आले आणि तिथलेच झाले. १९६७मध्ये त्यांनी ‘बाएफ’ संस्था स्थापन केली आणि कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेली. संकरित कालवडी गावोगाव झाल्या. पण एका गोठ्यात एक-दोनच गाई असल्या, तर तुलना करायची कोणाशी? चांगलं दूध गाईचं की मालकाचं, हे गणितालाही सांगता येत नाही. या गाठीवर बाएफ आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मिळून काम केलं. शेतकऱ्यांच्या संकरित गाईंच्या दुधाच्या नोंदी आणि त्यांच्या जनुकांची तपासणी यांची सांगड घातली. जनुकांवरून दूरदूरच्या गोठ्यांतल्या गाईंचं नातं कळतं आणि तुलनेला आधार मिळतो. हा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला.

ब्राझीलचं उदाहरणही बोलकं आहे. तिथली गीर भारतातूनच गेलेली. १९८५पासून त्यांनी दुधाळ गीर वळूंची परीक्षा लेकींच्या दुधावरून सुरू केली. गाय आपली होती, वही त्यांनी ठेवली.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथे पंतप्रधानांच्या हस्ते भारतीय गाई-म्हशींसाठी बनवलेल्या जनुकीय चिपचं लोकार्पण झालं. या चिपमुळे वासरू लहान असतानाच त्याचा अंदाज बांधता येतो, लेकींची वाट पाहायचा काळ वाचतो. मात्र चिप म्हणजे अक्षरओळख. त्या अक्षरांचा अर्थ हजारो गोठ्यांतल्या दुधाच्या मापावरूनच लागतो. नोंदी नसल्या तर चिप मुकीच.

तेव्हा पशुपालक बंधू-भगिनींनो, गाय भरवायला कोणी आलं की कांडीवरचा वळूचा क्रमांक विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. कालवड झाली की तिच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्या. ती व्यायली की दर महिन्याला एका ठरावीक दिवशी दोन्ही वेळचं दूध मोजून मांडा, कमी भरलं तरी खरं मांडा. उप्सालाच्या गणितालाही लागतो तो असाच, कुणीतरी आपल्या गोठ्यात प्रामाणिकपणे लिहिलेला आकडा.